समासातली निळी खूण

आमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात समासात जागोजाग एक निळी खूण होती. नखाएवढं चित्र, संगणकाच्या पडद्याचं. ती दिसली की समजायचं, ही गोष्ट कागदावर कळणार नाही, ऑनलाइन जाऊन हलताना बघा. पुस्तक परदेशी, इथं छापलेली स्वस्त प्रत, आणि तीही जुनी आवृत्ती. नव्या पेठेत जुनी पुस्तकं विकणाऱ्याकडून मी ते उचललं तेव्हा आतल्या एका शास्त्रज्ञाला कुणीतरी बॉलपेननं गॉगल घातला होता.

खूण अजून जागेवर आहे. तिच्यामागं आता काहीच नाही. ते कसं गेलं ते मी लिहितेय. या लिखाणात कुणाचंही नाव येणार नाही, कारण नावं घातली की लोक नावांवरच बोलत बसतात. पण कर्ता येईल. कर्त्याशिवाय लिहायचं नाही, हे मला घरात शिकवलंय.

घर पत्रकांचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, आधी गिरणीत होते. गिरणी गेल्यावर चिंचोळी एमआयडीसीत कंत्राटावर लागले, आणि दोन्हीकडे युनियनची पत्रकं तेच लिहायचे. गुलाबी कागद, वर ठळक मथळा, खाली सहीऐवजी 'आपले नम्र'. बालवाडीत जायच्या आधीच मला 'बंधू-भगिनींनो' आणि 'जाहीर निषेध' हे शब्द ओळखता यायचे. 'जाहीर निषेध' हा कसल्यातरी सणाचा शब्द असावा असं मला वाटायचं, आणि शेजारच्या काकूंनी दिवाळीत लाडू हातावर ठेवला तेव्हा मी तो म्हणूनही टाकला होता. उरलेली पत्रकं एका बाजूनं कोरी असायची. त्या पाठकोऱ्या कागदांवर आमच्याकडं सगळं व्हायचं: पाढे, किराणा, पाहुण्यांना रस्ता दाखवायचे नकाशे.

चौथीत मी निबंधात लिहिलं, 'माझ्या बाबांची गिरणी बंद पडली.' बाईंनी शेरा दिला, छान. अण्णांनी निबंध वाचला आणि 'पडली'वर बोट ठेवलं.

"भिंत पडती. दात पडतो. गिरणी कशी पडंल? ती पाडत्यात. 'बंद पाडली' लिव्ह, आन् कुणी ते लिव्ह."

"बाईंनी छान लिहिलंय."

"बाईंची शाळा बंद पडू दे, मग बघू काय लिवत्यात."

एका कान्याचा फरक. त्या फरकावर मी वाढले. पत्रक म्हणजे रोखलेलं बोट, ते माणसाकडं पाहिजे, आभाळाकडं नको, असं अण्णा म्हणायचे. आणि त्यांचा एक रिवाज होता, त्यात कधी सवलत नसायची. पत्रक छापून आलं की पहिली प्रत ज्याच्याविरुद्ध लिहिलंय त्याच्या हातात, स्वतः जाऊन द्यायची. पाठीमागून वाटायचं नाही. मॅनेजरच्या केबिनबाहेर ते तासभर उभे राहायचे, पण पहिली प्रत त्यालाच.

कॉलेजात मी फिजिक्स घेतलं, आणि तिथले सर मला आवडले ते त्यांना हे सगळं कळायचं म्हणून. आमच्या प्रयोगशाळेत एक सोनोमीटर आहे, म्हणजे लाकडी पेटीवर ताणलेली तार. तारेवर घडी घातलेला कागदाचा चिमुकला तुकडा बसवायचा, त्याला रायडर म्हणतात, आम्ही घोडा म्हणायचो. नादकाटा हातोडीनं वाजवून पेटीवर टेकवायचा. तारेची लांबी बरोबर जुळली की तार थरथरते आणि घोडा उडून खाली पडतो. वहीचा कागद त्या कामाला जड पडायचा. मी एकदा दप्तरातल्या पत्रकाचा कोपरा फाडून दिला, आणि तो असा उडाला की सरांनी मला बाकीचं पत्रकही मागितलं.

"तुझ्या अण्णांच्या कागदाचा घोडा चांगला उडतो गं."

"चळवळीचा कागद आहे सर."

"म्हणूनच उडतो की. पण आधी वाचतो हां मी, मग कापतो."

खरंच वाचायचे. अण्णांना मी ते सांगितलं तेव्हा ते दिवसभर खूश होते.

आता निळ्या खुणेचं. पुस्तकासोबत जी ऑनलाइन साधनं होती, त्यांत सरांच्या नावानं एक वर्ग उघडलेला होता. वर्गाचा कोड ज्याच्याकडं असेल त्याला मोबाईलवर ती हलती चित्रं दिसायची. दोरी, लोलक, भिंग, पाण्यावरच्या लाटा. बोटानं ताण वाढवा, दोरी बदलते. वजन काढा, दोरी पुन्हा बदलते. प्रत्येक चित्राखाली शिक्षकाला टीप लिहायला जागा होती. सरांनी ती जागा मला आणि माझ्या मैत्रिणीला दिली.

दहावीपर्यंत मराठीत शिकायचं आणि अकरावीला एकदम इंग्रजीत बुडायचं, हे आमच्याकडं हजारोंचं होतं. माझंही झालं. व्याख्या पाठ, अर्थ शून्य. सर म्हणाले, "चित्राखाली मराठीत लिहा. तुम्हाला जसं कळलं तसं. अकरावी-बारावीच्या पोरांनाही कोड देऊ."

मी म्हटलं, आम्ही आधी वहीत लिहितो, मग तिथं उतरवतो.

"वही कशाला? वही हरवती. इथंच लिहा. हे कायम राहील."

कायम. आमच्या घरात हा शब्द कुणी सहज वापरत नसे. अण्णा आयुष्यभर कायम व्हायचं म्हणून भांडले आणि कंत्राटीच राहिले. पत्रकं तर दुसऱ्या दिवशी भज्यांखाली जायची. म्हणून सरांच्या तोंडून 'कायम' ऐकल्यावर मला वाटलं, चला, आपल्या घरातलं काहीतरी कायम झालं.

दोन वर्षं आम्ही लिहिलं. मैत्रिणीच्या घरी टेम्पोचा धंदा, घरात दखनी बोलायची, आणि मराठी माझ्याहून बरं लिहायची. मी कुठल्याही टिपेत भाषण ठोकायला लागले की ती म्हणायची, "नक्को बाई. लोलकाला कशाला शोषण लावतीस? त्याला हलू दे."

तिची सगळ्यात चांगली टीप निस्पंदावर होती. ती अशी होती: 'दोन पोरी दोरीची दोन टोकं धरून उभ्या आहेत. दोघी हलवतायत. दोरी वरखाली नाचतेय, पण मधे एक जागा अशी आहे की तिथं दोरी हलतच नाही. तिथं चिमणी बसली तरी उडायची नाही. त्या जागेला निस्पंद म्हणतात.'

कोड पसरत गेला. केमहून कुणी प्रश्न टाकायचं, मोहोळहून कुणी. मोहोळची एक मुलगी होती, बारावीतली, बाजारात तिच्या आईचा भाजीचा गाळा. ती चित्राखाली लिहिण्याऐवजी आवाज पाठवायची, कारण लिहायला वेळ नाही म्हणायची. पहिल्यांदा म्हणाली, "ताई, चिमणीचं लई भारी हाय. परस्पंदाचं बी लिवा की." मागं वांग्यांचा भाव चाललेला ऐकू येत होता. प्रस्पंद म्हणजे दोरी सगळ्यात जास्त नाचते ती जागा. ती टीप मी लिहिली. तिथं चिमणी बसवायची सोय नव्हती, म्हणून मी टोळ बसवला.

तिच्या परीक्षेच्या आधी एका दुपारी तिचाच फोन आला.

"ताई, चिमणी गेली."

"कुठं गेली?"

"मला काय म्हाईत? पान उघडंना. इंग्रजीत कायतरी येतंय. माझं लाटांचं समदं राहिलंय की ताई."

मी कॉलेजच्या पायरीवर बसून पान उघडलं. पांढऱ्या पानावर दोन ओळी. या आवृत्तीसोबतची ऑनलाइन साधनं निवृत्त करण्यात आली आहेत. नव्या आवृत्तीच्या साधनांसाठी आपल्या प्रतिनिधीशी संपर्क साधावा. मी मागं गेले, पुढं गेले, मोबाईल बंद करून चालू केला. मैत्रिणीला दाखवलं. तिनं तिच्या मोबाईलवर बघितलं, जणू तिच्या मोबाईलला वेगळं काही सांगतील. मग ती म्हणाली, "आपल्या टिपा?"

टिपा त्या पानाच्या पोटात होत्या. दुसरीकडं कुठंच नव्हत्या. वही कशाला, असं सांगितलेलं होतं.

घरी जाऊन अण्णांना त्या दोन ओळी मराठीत सांगितल्या.

"निवृत्त केली?" अण्णा म्हणाले. "मग पीएफ दिला का तिला?"

"अण्णा, चेष्टा नको."

"चेष्टा न्हाय. कुणी केली निवृत्त? लिवलंय का?"

"नाही. 'करण्यात आली आहेत' एवढंच आहे."

"मग वाक्य अर्धंच हाय. उरलेलं तू शोध."

मी कंपनीला लिहिलं. आमच्या टिपा तेवढ्या परत द्या, चित्रं तुमची तुमच्याकडं ठेवा, असं साध्या इंग्रजीत लिहिलं. उत्तर लगेच आलं, त्यावरूनच ते माणसानं दिलेलं नाही हे कळलं. पुन्हा लिहिलं. या वेळी माणसाचं आलं: जुन्या आवृत्तीतली वर्गांतली सामग्री काढून टाकण्यात आली आहे, ती परत मिळवता येत नाही, शिक्षकांना पूर्वकल्पना देण्यात आली होती. सगळी वाक्यं तशीच, पाय नसलेली. पण शेवटच्या वाक्यात एक माणूस दिसत होता. शिक्षकांना.

मी ते मानलं नाही. कंपनी खोटं बोलतेय असंच धरून मी सरांकडं गेले. खरं तर त्यांना बरोबर घेऊन भांडायला गेले होते.

स्टाफरूममध्ये सरांच्या टेबलावर नवी आवृत्ती होती. चकचकीत, अजून प्लॅस्टिकमध्ये.

"बंद पडलं गं ते," मी तोंड उघडायच्या आतच सर म्हणाले.

"पडलं नाही सर."

ते हसले. त्यांना अण्णांचं पत्रक आठवलं असणार. "बरं, पाडलं. कंपनीचा माणूस दिवाळीच्या आधीच येऊन सांगून गेला होता, हे जाणार म्हणून."

मी उभीच होते. सरांना आपण काय बोललो ते कळलं नव्हतं. ते डबा उघडत होते.

"दिवाळीच्या आधी?"

"हो. म्हणाला, वर्गात विद्यार्थ्यांचं काही काम असेल तर उतरवून घ्या."

"मग?"

"मग काय? मी म्हटलं, विशेष काही नाही." त्यांनी चपातीचा तुकडा मोडला. "पुस्तक बदलायचंच होतं की आपल्याला. नव्याची चित्रं बघ, किती सुंदर आहेत. तुम्हाला नवा वर्ग उघडून देतो. परत लिहा. तरुण आहात."

विशेष काही नाही. मी यावर पुष्कळ विचार केलाय. सरांनी वैर धरून केलं असतं तर मला लढता आलं असतं. विसरले असते तर भांडून, रडून मी मोकळी झाले असते. पण त्यांना कुणीतरी समोर बसून विचारलं होतं, इथं पोरांचं काही आहे का, आणि त्यांनी क्षणभर आठवून नाही म्हटलं होतं. कंपनीनं कुलूप लावलं. आत कुणी नाही, असं सरांनी सांगितलं.

मी पत्रक लिहायला बसले. मला वाटत होतं एका बैठकीत होईल, माझं बाळकडूच ते. कंपनीबद्दलचा भाग सरसर झाला. जुनं पुस्तक विकत घेणाऱ्याला साधनांचं आमिष दाखवायचं, आणि नवं खपवायचं झालं की जुन्याखालची जमीन काढून घ्यायची. जे शहरात नवं पुस्तक घेऊ शकतात त्यांना काही होत नाही, जुन्या पुस्तकावर शिकणारा पडतो. हे सगळं आलं. मग सरांचा भाग आला, आणि माझ्या हातून लिहिलं गेलं: 'विद्यार्थ्यांना वेळेवर कल्पना देण्यात आली नाही.'

अण्णांनी कच्चा खर्डा वाचला. कंपनीपर्यंत मान हलवत आले. मग थांबले.

"हितं कर्ता कुटं गेला?"

"कुठं?"

"'देण्यात आली न्हाय.' कुणी दिली न्हाय? कंपनीवानी बोलायला लागलीस की तू."

"अण्णा, ते माझे सर आहेत. तुमची पत्रकं वाचायचे ते."

अण्णांनी खर्डा खाली ठेवला. त्यांनाही ते लागलं होतं, मला दिसत होतं. मग म्हणाले, "आभार मानायचे तर येगळं पत्रक काढ. छापू. पन ह्यात जे झालं तेच लिव्ह."

मी लिहिलं: 'आमच्या सरांना माहीत होतं. त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. टिपा उतरवून घेता आल्या असत्या. त्यांनी उतरवल्या नाहीत.' पाहायला गेलं तर चार साधी वाक्यं. त्यांना लागलेला वेळ वरच्या सगळ्या मजकुराला लागला नव्हता.

मधल्या काळात मोहोळच्या मुलीला मी फोनवरून शिकवत होते, जेवढं होईल तेवढं. दोरी दिसत नाही तिथं दोरी समजावणं फार अवघड. एकदा मी निस्पंदाची व्याख्या सांगायला लागले तर ती म्हणाली, "त्ये ऱ्हाऊ द्या ताई, त्ये मला पाठ हाय." आणि तिनं मैत्रिणीची टीप म्हणून दाखवली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्द न चुकता, फक्त चिमणीची चिमनी करून. मी तिला पुन्हा म्हणायला सांगून मोबाईल मैत्रिणीच्या कानाला लावला. ऐकता ऐकता तिनं ती वहीत उतरवून घेतली.

आमच्या सगळ्या टिपांतली तेवढी एक वाचली. ती आम्ही पत्रकाच्या मागं छापायचं ठरवलं. प्रेसवाल्या मामांनी विचारलं, "ह्या बारीला पाठकोरं न्हाय ठेवायचं?" आमच्या घरातलं ते पहिलं पत्रक, दोन्ही बाजूंनी भरलेलं.

पहिली प्रत घेऊन मी कॉलेजच्या व्हरांड्यात सरांची वाट बघत उभी राहिले. सर तास संपवून आले, हातावर खडू. मी प्रत पुढं केली.

"अण्णांचं?"

"माझं, सर."

त्यांनी उभ्याउभ्या वाचलं. ती चार वाक्यं कुठं आली ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"नाव नाही घातलंस माझं."

"नाही सर."

"उपकार केलेस."

त्यांनी कागद उलटला आणि मागची टीप वाचली. आणि मग त्यांचा चेहरा जरा सैल झाला, वर्गात एखाद्यानं चांगलं उत्तर दिलं की व्हायचा तसा.

"हे सुरेख लिहिलंय. चिमणी. कोणाचं आहे हे?"

दोन वर्षं ती टीप त्यांच्या नावाच्या वर्गात, त्या चित्राच्या खाली उभी होती.

"तुमच्याच वर्गात होती सर," मी म्हटलं.

तेवढ्यात पुढच्या तासाची पोरं आली आणि ते कागद घेऊन आत गेले.

पत्रक आम्ही सूचनाफलकावर लावलं, वर्गांतून वाटलं, कँटीनच्या टेबलांवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी फलक मोकळा होता, टेबलंही. कुणी बोलावून घेतलं नाही, रागावलं नाही, प्राचार्यांची चिठ्ठी आली नाही. अण्णांच्या पत्रकांना निदान मेमो तरी यायचे. मोहोळची मुलगी परीक्षेला बसली. पेपर कसा गेला विचारलं तर म्हणाली, "दोरीचं आलंच न्हाय, ताई. लाटांचं आलं. त्ये सोडलं."

नंतरच्या आठवड्यात आमचं प्रॅक्टिकल होतं. सोनोमीटरशेजारी घोड्यांचा डबा असतो, बिस्किटांचा, झाकण नसलेला. तो काठोकाठ भरलेला होता. गुलाबी. बारीक, सारखे, नीट घडी घातलेले तुकडे, सर कापायचे तसे. मैत्रिणीनं एक उचलला, उलगडला आणि माझ्यापुढं धरला. एका बाजूला 'सरांना माही' एवढं होतं. दुसऱ्या बाजूला 'चिम'.

"नक्को बघू," ती म्हणाली, पण मी बघितलं होतं.

सर खिडकीपाशी दुसऱ्या गटाला व्होल्टमीटर दाखवत होते. आमच्याकडं पाठ होती. आधी वाचतो, मग कापतो, असं ते म्हणायचेच.

मैत्रिणीनं तो तुकडा तारेवर बसवला. मी नादकाटा वाजवून पेटीवर टेकवला. तिनं तारेखालची लाकडी पाचर बोटभर सरकवली, आणखी जराशी, आणि तार थरथरली.

"पडला," ती म्हणाली. वाचन लिहून घ्यायला वही ओढत तिनं विचारलं, "लांबी किती?"

मी पट्टी वाचली आणि लांबी सांगितली. मग डब्यातला दुसरा घोडा घेतला.